बुडापेस्टला कोण कोण

बुडापेस्टचं नाव पहिल्यांदा निघालं ते जपानात, ग्योतोकुला नयनाच्या घरी, एका रविवारी, साबुदाणा वडे खाता खाता. काढलं नयनाच्या नवऱ्याने, जयप्रकाशने. त्याच्या बँकेतला एक जपानी सहकारी तिकडे जाऊन आला होता आणि आल्यावर रिवाजाप्रमाणे त्याने अख्ख्या मजल्याला एकेक चॉकलेट वाटलं होतं. त्या एका चॉकलेटवर जयप्रकाशला एवढा चेव चढला, की मधून वाहणारी नदी, अलीकडे पेस्ट, पलीकडे बुडा, गरम पाण्याचे हौद, पाण्याच्या भावात बिअर, हे सगळं तो स्वतः पाहून आल्यासारखा सांगत सुटला.

“म्हणजे नावातच बुडालंय सगळं,” जयप्रकाशचा मित्र केदार म्हणाला, आणि त्याची बायको चैत्राली हसली. त्यांच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे ती त्याच्या असल्या विनोदांना अजून हसत असे.

“नोव्हेंबरात स्वस्त असतं म्हणे. चार रात्री. स्वस्तात मस्त,” जयप्रकाश म्हणाला.

“मग जाऊ या की!” नयना म्हणाली.

आता हे ‘जाऊ या’ ती कुणाकडे बघून म्हणाली, ते सुप्रभाने पाहिलं नाही. ती तेव्हा वाकून सगळ्यांच्या ताटल्यांत चटणी वाढत होती. पुढचं सगळं रामायण त्या चटणीमुळे घडलं असं म्हणायला हरकत नाही.

सुप्रभा ही नयनाची जपानातली सगळ्यात जुनी मैत्रीण. वय चाळिशीच्या थोडं पुढे. नोकरी कावासाकीच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढण्याची, आणि हे काम तिने बिनपगारीसुद्धा आनंदाने केलं असतं. वडील सांगलीला मराठीचे मास्तर होते. कुणी ‘माझी मदत कर’ म्हटलं, की ही तोंडातला घास बाजूला सारून ‘मला मदत कर’ अशी दुरुस्ती करायची आणि मगच मदतीला उठायची. नवरा, हरीश, दोन वर्षांपूर्वी तिला सोडून गेला होता. त्याने पुण्याला बदली मागून घेतली, आणि तिथे त्याच्यासाठी दुसरं घर आधीच मांडून ठेवलेलं होतं. रीतसर घटस्फोट झाला. तेव्हापासून सुप्रभा एक स्टेशन पलीकडे मिनामी-ग्योतोकुला एका खोलीत राहत होती आणि रविवार नयनाकडे काढत होती. हरीशचा विषय निघाल्याशिवाय मात्र तिचा रविवार सरत नसे. तो कशावरूनही निघे. मेथी निवडतानाही निघे, कारण हरीशला मेथी आवडायची नाही.

ऐकणाऱ्यांनी हे दोन वर्षं ऐकून घेतलं, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण निदान नयनाने तरी ते ऐकायलाच हवं होतं. २०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला, ग्योतोकुच्या रस्त्यांतून चिखल वर आला, पाठोपाठ फुकुशिमाची बातमी आली, आणि ओळखीतली मराठी घरं मिळेल त्या विमानाने मुंबईला पळाली. नयनाला तेव्हा नुकतेच दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली होती. ती जाऊ शकत नव्हती म्हणून सुप्रभाही गेली नाही. त्यावरून हरीशशी कडाक्याचं भांडली, नयनाकडे मुक्काम टाकला, रांगेत उभं राहून पाणी आणलं, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने वर चढवलं, आणि पुन्हा धक्का बसला की नयनाला कवटाळून बसली. नयना तेव्हा रडत रडत म्हणाली होती, “आपण ह्यातून निभावलो ना सुप्रभा, की मग जन्मभर आपण आपणच.” वाक्य धड व्याकरणात बसत नव्हतं. सुप्रभाने आयुष्यात न दुरुस्त केलेलं ते बहुधा एकच वाक्य असेल.

तेव्हा बुडापेस्ट हे नुसतं निमित्त. ते काय, कुठे, नकाशात कसं दिसतं, ह्याच्याशी तिला सुरुवातीला काही देणंघेणं नव्हतं. हरीश गेला तरी आपल्याला कुणीतरी अजून आपल्यात धरतं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्या रविवारी ते मिळालं असं तिला वाटलं.

“सुप्रभा, तू बघ ना गं सगळं,” नयना म्हणाली. “तुला ह्यातलं कळतं.”

“सुप्रभाताईंसारखं प्लॅनिंग कुणाला जमणार?” चैत्राली म्हणाली.

हरभऱ्याच्या झाडावर चढायला सुप्रभाला शिडी लागत नसे. ती चढली.

जपानी ऑफिसात पार्टी असो की सहल, ती एकाच्या गळ्यात घालतात आणि त्याला कान्जी म्हणतात. कान्जीने जागा शोधायची, माणसं मोजायची, सगळ्यांना वाढून झालं की शेवटी आपण खायचं. हाल असतात बिचाऱ्याचे. पण जेवायला तो असतो, एवढं नक्की. सुप्रभाने ऑफिसात अशा किती पार्ट्या निभावल्या होत्या. त्यामुळे हे काम आपल्याकडे आलं म्हणजे आपण आलोच, हे तिने धरून चालल्याबद्दल तिला हसण्यात अर्थ नाही.

मग तिने जे काही केलं, ते बघून बुडापेस्टच्या महापौराने तिचा सत्कार केला असता. गाडीत दोन्ही बाजूंनी माणसं चेपत असताना ती एका हाताने फोन डोळ्यांसमोर धरून विमानं शोधायची. वॉर्सॉला विमान बदललं की स्वस्त पडतं, हे तिनेच शोधलं. भारतीय पासपोर्टाला व्हिसा लागतो, त्याची भेटीची वेळ लवकर घ्यावी लागते, हेही तिनेच सगळ्यांना बजावलं. बुडाची बाजू डोंगराची, दिसायला सुंदर, पण जयप्रकाशचे गुडघे बघता मुक्काम पेस्टला बरा. नदीकाठाने जाणारी दोन नंबरची ट्राम हीच खरी गरिबाची नौका, तिकीट ट्रामचं आणि देखावा बोटीतला. नयना मंगळवारी मांसाहार करत नाही, म्हणून मंगळवारी बाजारातली ती तळलेली जाड पोळी खायची, लांगोश, वर नुसतं चीज घालून. चैत्रालीला उन्हात डोकं दुखतं, पण नोव्हेंबरात तिकडे ऊन कुठलं, ती काळजी मिटली. आणि गरम पाण्याच्या हौदात उतरायचं म्हणून सुप्रभाने जन्मात पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख घेतला. गुडघ्यापर्यंतचा, काळा, लांब बाह्यांचा. दुकानातल्या पोरीने तिला विचारलं, “शाळेत शिकवता का?”

ऑफिसात तिने मोरिता-सानकडे रजा मागितली. मोरिता-सान तिचे साहेब. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं आणि दातांतून हवा आत ओढली, जपानी साहेब नाही म्हणण्याआधी ओढतो तशी. पण मग त्यांना आठवलं, की ह्या बाईने हरीश गेला त्या आठवड्यातही रजा घेतली नव्हती. त्यांनी शिक्का मारला. टीममध्ये बातमी पसरली. सगळ्यांनी “हंगेरी! छान!” असं म्हणून माना डोलावल्या आणि चॉकलेटची वाट बघू लागले.

ठरवाठरवीसाठी एक ग्रुप होता फोनवर. घरात सगळे मराठी बोलायचे, पण फोनवर मराठी अक्षरं उमटवायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून तिथे इंग्रजी. नयना लिहायची, वी शुड बुक सून. चैत्राली लिहायची, वी कान्ट मिस द नाइट क्रूझ. जयप्रकाश विचारायचा, डू वी नीड कॅश? आणि सुप्रभा, मराठी मास्तरांची मुलगी, प्रत्येक ‘वी’चं मनातल्या मनात भाषांतर करून घ्यायची. आपण लवकर बुकिंग करायला हवं. आपण रात्रीची बोट चुकवायची नाही. आपल्याला रोख पैसे लागतील का? रात्री एकटीच्या खोलीत ती ते पुन्हा वाचायची. दोन वर्षांत तिला इतक्या वेळा कुणी ‘आपण’ म्हटलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन नयनाकडे गेली. घर सापडलं होतं. पेस्टच्या बाजूला, ट्रामच्या थांब्याजवळ, एका म्हाताऱ्या बाईचं, स्वच्छ आणि अगदी परवडणारं. फक्त आज रात्रीपर्यंत होकार कळवायचा होता. तिने टेबलावरचे पोह्यांचे बाऊल सरकवून लॅपटॉप मध्ये ठेवला आणि एकेक फोटो दाखवू लागली.

“तीन खोल्या आहेत,” ती म्हणाली. “दोन मोठ्या तुम्हाला, दोन्ही जोडप्यांना. छोटी मला. तिच्या खिडकीतून नदी नाही दिसत, पण मला चालेल. झोपायलाच तर जायचं.”

केदारने खिशातून फोन काढला. चैत्रालीला एकाएकी स्वयंपाकघरात काहीतरी आठवलं आणि ती उठून गेली.

“तीन कशाला?” नयना म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं. ते लक्षात येताना सुप्रभाने तिचा चेहरा पाहिला. त्यावर ओशाळलेपण होतं, पण आश्चर्य काही नव्हतं. “अगं, आम्ही चौघं जातोय ना.”

मराठीत ह्या गोष्टीला पळवाट नाही. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत, ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. मास्तरांच्या मुलीला हे समजावून सांगायला नको होतं.

“तू ग्रुपवर लिहीत होतीस...” सुप्रभा म्हणाली. “वी, वी असं.”

“हो, मग? वी म्हणजे आम्ही.”

“मला वाटलं, आपण.”

“बघा!” जयप्रकाश टाळी वाजवून म्हणाला. “दीडशे वर्षं राज्य केलं साहेबाने, पण जाताना एक सर्वनाम धड देऊन गेला नाही.”

केदार फिसकन हसला. मग नयना हसली. स्वयंपाकघरातून चैत्रालीचंही हसू आलं, म्हणजे ती तिथून सगळं ऐकत होती. कोंडी फुटली एकदाची, असं सगळ्यांना झालं. आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती सुप्रभा. हसता हसता तिला ठसका लागला आणि केदारने तत्परतेने पाणी आणून दिलं.

“मला कुठे मिळणार होती रजा,” ती पाणी पिऊन म्हणाली. “मी आपलं गंमत म्हणून तीन खोल्या...”

“तेच म्हणते मी,” नयना म्हणाली. “आणि तू आलीस तर अस्मिताला कोण बघणार? तिची शाळा आहे. तुझ्याच भरवशावर तर ठरवलं आम्ही सगळं.”

अस्मिता म्हणजे नयनाची मुलगी, आठ वर्षांची, भूकंपाच्या वेळी पोटात होती ती. हे ऐकून सुप्रभाला कळलं, की ह्या सहलीत आपल्याला अगदीच धरलं नव्हतं असं नाही. धरलं होतं, पण ग्योतोकुला.

चहा टाकायला म्हणून नयना तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चैत्राली तिथून शहाण्यासारखी निघून गेली.

“रागावलीस ना?” नयना म्हणाली. “राग नको मानूस गं. चैत्रालीचं म्हणणं पडलं, की जोडपी जोडपी बरी. मला काय, तू आलेली हवीच होतीस.”

“छे, राग कसला.”

“आणि खरं सांगू का तुला? मला ना, चार दिवस सुटका हवीय. अस्मिताची शाळा, डबा, पियानो, पोहणं. ह्यातच आयुष्य चाललंय. गोड आहे, पण जीव खाते पोरगी. तिला सांगितलंय मी, तिकडे लहान मुलांना घेत नाहीत म्हणून.” नयनाने चहात आलं किसलं. “तुला नाही कळायचं ते. तू मोकळी आहेस.”

‘मोकळी’ हा शब्द तिने इतक्या सहज वापरला, जणू सुप्रभाला ती एखादी बढती मिळाली होती.

“आणि तिला जरा मराठी शिकव ना त्या दिवसांत. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. तुझ्याकडे राहिली तर शुद्ध होईल.” मग चहा गाळता गाळता, “प्लॅन मात्र तोच ठेव हं. घर फक्त दोन खोल्यांचं बघ. तू केलंस की कसं बिनघोर असतं.”

आता इथे कुणीही म्हणेल, की बाईने लॅपटॉप मिटायचा, चपला घालायच्या आणि चालू लागायचं. पण चालू लागून जायचं कुठे? नाही म्हटलं असतं तर बुडापेस्टबरोबर रविवारही गेला असता. सुप्रभाने त्याच रात्री दोन खोल्यांचं घर शोधून दिलं. दोन्ही खोल्यांतून नदी दिसत होती.

ऑफिसातली रजा तिने परत केली नाही. शिक्का मारलेला कागद मोरिता-सानपुढे पुन्हा न्यायचा आणि मैत्रिणीने मला नेलं नाही असं जपानीत सांगायचं, ह्यापेक्षा हंगेरीला गेलेलं बरं, निदान त्यांच्या लेखी. नयना म्हणालीच होती, “तुझ्या ऑफिससाठी चॉकलेटं आणीन मी. तू गेली नव्हतीस हे कोणाला कळणारे?” हे ती खरोखर मायेने म्हणाली. तिच्या मायेचा तोच तर त्रास होता.

नोव्हेंबरात चौघं गेली. सुप्रभा बॅग घेऊन नयनाच्या घरी राहायला आली. फ्रिजवर सूचना होत्या, जळणारा कचरा कुठल्या दिवशी, प्लास्टिक कुठल्या दिवशी, मासळीचा वास असेल तर पिशवी दुहेरी बांधायची. सकाळी अस्मिताला उठवायचं, वेणी घालायची, पाठीवर तिचं ते टणक चौकोनी दप्तर चढवायचं आणि कोपऱ्यावर शाळेला जाणाऱ्या मुलांच्या रांगेत सोडून यायचं. दुपारी ती यायची, दप्तर दारात टाकायची आणि सुप्रभाला येऊन चिकटायची. मुलगी खरंच गोड होती. समोरचे दोन दात मोठे, बाकीचे अजून यायचे होते. ‘मावशी’ एवढा एक शब्द ती मराठीत म्हणायची, बाकी सगळं जपानीत. रात्री तिला सुप्रभाचा हात उशीखाली घेऊन झोपायला आवडायचं. सुप्रभाला कुणी हात मागण्याला बरीच वर्षं झाली होती.

आणि रोज फोनवर फोटो यायचे. ट्रामच्या खिडकीतून नदी. पूल. पुलावर चौघं. लांगोश खाताना नयना, ओठाला चीज लागलेलं. खाली नयनाने लिहिलेलं, वी आर इन हेवन. सुप्रभा वाचायची. आता भाषांतर चुकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अस्मिता जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती आणि सुप्रभा तिच्यासाठी सफरचंद चिरत होती. फोन वाजला, आदल्या दिवशीचा फोटो आला. अस्मिताने ओढून घेतला. गरम पाण्याचा मोठा पिवळ्या भिंतींचा हौद, त्यातून वाफ येतेय, गळ्यापर्यंत पाण्यात चौघं. अस्मिता फोटो मोठा करून बघत राहिली. मग तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“कोदोमो,” ती म्हणाली. मूल.

खरंच होतं. हौदाच्या कडेला एक गोरा मुलगा बापाच्या खांद्यावर बसून पाणी उडवत होता.

“मुलांना नेत नाहीत असं ममा म्हणाली होती,” अस्मिता जपानीत म्हणाली. “मग हा कसा आहे?”

सांगता येण्यासारखं खूप होतं. तुझी शाळा होती म्हणून. विमानात कान दुखतात म्हणून. पुढच्या वेळी तू मोठी झालीस की नेतील. कुठल्याही बाईने ह्यातलं काहीतरी बोलून सफरचंदाची फोड पोरीच्या तोंडात घातली असती. सुप्रभाने सुरी खाली ठेवली.

“मुलांना नेतात,” ती म्हणाली. “तुझ्या ममाला सुटका हवी होती.”

“सुत्का?” अस्मिताने नाक वर केलं. “नानि सोरे?” ते काय असतं?

“सुत्का नाही. सुटका. ट. जीभ वर लाव. वर, टाळूला.”

“सुट्‌का.”

“सुटका. पक्षी पिंजऱ्यात असतो. कुणीतरी दार उघडतं आणि तो उडून जातो. ती त्याची पिंजऱ्यातून सुटका.” सुप्रभाने हे मराठीत सांगितलं आणि कळलं नसेल म्हणून जपानीत पुन्हा सांगितलं, हातांचा पक्षी करून. “तशी माणसाचीही होते. एखादं माणूस सारखं त्रास देतं, जीव खातं, मग त्याच्यापासून दूर गेलं की बरं वाटतं. त्या माणसापासून सुटका.”

अस्मिताने पेन्सिल खाली ठेवली. तिने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं आणि प्रश्नार्थक बघितलं.

“बोटाने नाही,” सुप्रभा म्हणाली. “पूर्ण वाक्यात.”

हे सांगताना तिला आपला आवाज ऐकू येत होता. हुबेहूब वडिलांचा आवाज, वर्गातला. थांबावं असं तिच्या मनात आलंही. पण महिनाभर पोटात कोंडलेलं एकदा वाट काढू लागलं, की समोर कोण बसलंय ते बघायची शुद्ध राहत नाही. खरं सांगायचं, तर शुद्ध होती. समोर नयनाची मुलगी बसली होती, म्हणूनच तिला हे सांगायचं होतं.

“ममाला,” अस्मिता शब्द शोधत म्हणाली, “माझं... सुटका पाहिजे.”

“माझं नाही, माझ्यापासून. आणि सुटका ‘ती’ असते. हवी. पुन्हा म्हण.”

“ममाला माझ्यापासून सुटका हवी.”

“होती.”

“ममाला माझ्यापासून सुटका हवी होती.”

“शाबास,” सुप्रभा म्हणाली, आणि तिच्या पुढ्यात सफरचंदाची बशी सरकवली.

मुलगी रडली नाही. तिने एक फोड उचलली आणि हातातच धरून ठेवली. आणि तेवढ्यात नयनाचा व्हिडिओ कॉल आला. रोज ह्या वेळी यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असे. अस्मिताने घेतला. पडद्यावर वाऱ्याने केस उडणारी नयना, मागे करड्या रंगाची रुंद नदी आणि पलीकडे डोंगरावर राजवाडा.

“अस्मू! बघ ही नदी! काय करतंय माझं बाळ?”

“ममा,” अस्मिता म्हणाली, “तुझी माझ्यापासून सुटका झाली का?”

नयनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कौतुक फुललं. “अगं बाई! अहो, ऐकलंत का? किती शुद्ध बोलली! परत म्हण, बाबाला ऐकव.”

अस्मिताने परत म्हटलं. ‘ट’ला जीभ टाळूला नीट लावून, अगदी सावकाश. जयप्रकाश बाजूने डोकावत होता, त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. मग ते वाक्य नयनाला पोचलं. चेहरा पडतो असं म्हणतात, पण तो पडताना बघायला मिळणं विरळाच. सुप्रभा कॅमेऱ्याच्या बाहेर बसून तो पडताना बघत होती. आधी ओठ, मग गाल, मग डोळे. तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

“कोण... कोणी शिकवलं तुला हे?” नयना म्हणाली. “बाळा, तसं नाहीये रे. ऐक माझं. मावशीला दे फोन. मावशी कुठाय? सुप्रभा!”

सुप्रभाने नकाराची मान हलवली. अस्मिताने ते पाहिलं, पडद्यावरच्या आईकडे पाहिलं, आणि लाल बटण दाबून फोन टेबलावर उपडा ठेवला. तो लगेच पुन्हा वाजू लागला. वाजत राहिला. टेबलाचं लाकूड गुरगुरत होतं. मग थांबला.

सुप्रभाने हात पुढे केला. आता पोरगी येऊन चिकटेल, रडेल, तिला जवळ घ्यायचं, आणि मग आपण दोघी, असं काहीसं तिच्या मनात होतं. तिने ते फारसं लपवलंही नाही स्वतःपासून. आईबापाने टाकलेलं लेकरू आणि मैत्रिणीने टाकलेली बाई, एका बाजूला दोघी. कुणाच्या तरी बाजूला असणं हेच तर तिला हवं होतं.

पण अस्मिता जागची उठली नाही. ती सुप्रभाकडे टक लावून बघत होती. तोंडी गणित घातल्यावर मुलं बघतात तशी. मग तिने फोन सुलटा केला, मघाचा फोटो उघडला आणि पाण्यातली डोकी एकेक करून बोटाने मोजली. ममा, बाबा, केदारकाका, चैत्रालीकाकू. बोट तिथेच थांबलं.

“मावशी पण नाही गेली,” ती म्हणाली. मराठीत. तिला कुणी मराठीत बोल म्हटलं नव्हतं.

“नाही,” सुप्रभा म्हणाली.

ओठ हलवून अस्मिताने आधी मनात शब्द जुळवले, जीभ टाळूला लावून बघितली. त्यात खोडसाळपणा नव्हता, राग नव्हता. शिकवलेलं नीट जमतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

“ममाला मावशीपासून पण सुटका हवी होती?”

सवयीने सुप्रभाने ते वाक्य पुन्हा एकदा मनात घोळवून पाहिलं. लिंग, काळ, प्रत्यय, सगळं जागच्या जागी होतं, आणि ‘ट’ही स्वच्छ आला होता. मुलगी वाट बघत होती, बरोबर की चूक ते सांगायची.

“बरोबर,” सुप्रभा म्हणाली.